वाकड्या कटिंगची साक्ष

प्रश्न : अमेरिकेत शंभर वर्षांपूर्वी सिगारेटच्या पाकिटात बेसबॉल खेळाडूंची कार्डं मिळत. त्यांची न कापलेली अख्खी शीट आज कुठे दिसत नाही, असं वाचलं. मग कोणतं कार्ड कुणाशेजारी छापलं होतं, हे कसं ओळखतात?
— एक वाचक, साकोली (जि. भंडारा)

उत्तर : वाकड्या कटिंगवरून! तुमसरला बिडीची लेबलं कापण्यात माझी उमर गेली, त्यामुळे तुमचा प्रश्न फार जवळचा वाटला.

तुम्ही म्हणता तो बहुधा ‘टी-२०६’ संच. १९०९ ते १९११ मध्ये अमेरिकन टोबॅको कंपनीने पीडमाँट, स्वीट कॅपोरल वगैरे ब्रँडच्या मालासोबत तो दिला. पाचशेच्या वर कार्डं, लिथोची (सपाट दगडावरून किंवा प्लेटवरून केलेली) छपाई.

खेळाडूचं नाव खालच्या पांढऱ्या पट्टीत असतं. कटिंगला गठ्ठा जरा सरकला, की वरच्या कार्डाचं नाव खालच्याच्या डोक्यावर येतं. अशा दोनदा नाव आलेल्या बहुतेक कार्डांवर वर-खाली नाव एकच आहे. म्हणजे एकच खेळाडू उभ्या ओळीत एकाखाली एक छापत. काहींवर वर दुसरंच नाव दिसतं. तिथे एक खेळाडू संपला आणि पुढचा लागला.

आडवे शेजारी मात्र कार्डाची पाठ सांगते. पीडमाँटची जाहिरात असलेल्या काही पाठींवर प्लेटवरचे बारीक ओरखडे छापले गेलेत. ते एका कार्डावरून निघून शेजारच्यावर जातात. संग्राहकांनी हे तुटके ओरखडे चिकाटीने जुळवून शीटचे तुकडे कागदावर उभे केले. यात एक पथ्य आहे : पाठीवर डावीकडे दिसणारं कार्ड समोरून उजवीकडे असतं. नवीन पोऱ्याला शीट पलटवताना आम्ही हेच आधी शिकवतो. तोच ओरखडा वेगवेगळ्या खेळाडूंच्या पाठीवरही सापडतो, कारण पुढची चित्रं बदलली तरी पाठ छापायची प्लेट तीच चालवली. ते खेळाडू निरनिराळ्या शीटवर, पण एकाच जागी होते.

ज्याचं कार्ड दुर्मीळ आहे त्या होनस वॅग्नरसह पाच खेळाडूंची एक आडवी पट्टी उपलब्ध आहे. पण ती प्रूफची, म्हणजे चाचणी-छपाईची. तिच्यावरून विक्रीच्या शीटची मांडणी मी तरी ठरवणार नाही. प्रूफला छपाईचं काम जसं सोयीचं पडेल तसं बसवतात.

तुमच्याकडे जुनी बिडीची, काडेपेटीची लेबलं असतील, तर कडा सरळ करायला कात्री लावू नका. शेजारच्या लेबलाचा रंग तिथेच उरलेला असतो.