ब्रा, स्विमसूट शिवायला घेतेयस? आधी एवढंच बघ

अगं, अंडरवायर, पॉवरनेट, पिको इलॅस्टिक हे सगळं एकदम पाठ करायला जाऊ नकोस, डोकं उठेल. सुरुवात पँटीपासून कर, ब्रा नंतर. आत्ता एवढंच धर:

- स्ट्रेच: १० सेंमी कापड ताणून १५ सेंमी झालं की ५० टक्के. पॅटर्नवर, म्हणजे कापायच्या कागदी नमुन्यावर, लिहिलाय तेवढा हवाच. स्विमसूटला उभं-आडवं दोन्हीकडे ताणणारं, म्हणजे फोर-वे.
- निगेटिव्ह ईज: कपडा अंगाच्या मापापेक्षा लहानच कापायचा, तो ताणून बसतो. नवीन लोक इथेच घाबरतात, ब्लाउजसारखी ढिलाई ठेवतात आणि मग पाण्यात गेल्यावर सगळं लोंबतं.
- गसेट: पँटीचा दोन पायांच्या मधला तुकडा, आतून कॉटन होजिअरीच लाव.

सुई स्ट्रेचची, ७५ नंबर, टाका झिगझॅग, साधी सरळ शिलाई घातलीस तर ताणल्यावर दोरा कटकन तुटणार. इलॅस्टिक पुण्यात रविवार पेठेत बोहरी आळीत बघ, पण दुकानातच ताणून सोड, मूळ लांबीवर येतंय का बघ आणि पोहण्यासाठी हवंय हे सांग, क्लोरीनने साधं इलॅस्टिक लवकर ढिलं पडतं. कप-बिप पुढे बघू, आधी एखादा चांगला ताणणारा जुना टी-शर्ट काप आणि त्यातून एक-दोन पँटी शिवून टाक.