चित्रांच्या कार्डांमुळे मूल बोलायचं थांबतं का?

ताई, तुमचा सहा वर्षांचा लेक विशेष शाळेत कार्ड देऊन वस्तू मागायला लागलाय, आणि 'अशाने तो कधी बोलणारच नाही' असं घरचे म्हणतात. तुम्ही विचारलंय, हे खरं का? नाही. हेच वाक्य मी अकरा वर्षं ऐकतेय.

मी रत्नागिरी जिल्ह्यात किनाऱ्यालगत विशेष मुलांना शिकवते. आमच्याकडे सात वर्षांचा एक मुलगा होता, वडील बोटीवर खलाशी. डबा खायची वेळ झाली की स्वतःचा हात चावायचा. छापील संचात कार्डं कसली, तर बर्गर आणि स्ट्रॉबेरी. त्याने बर्गर कधी पाहिलाच नव्हता, मागणार काय? त्याच्या डब्यातल्या घावनाचा फोटो काढून मीच कार्ड केलं, मागे वेल्क्रो लावला. चित्राचं कार्ड देऊन वस्तू मागायला शिकवणारी ही पद्धत म्हणजे पेक्स (PECS); बाँडी आणि फ्रॉस्ट यांनी १९८५ साली अमेरिकेत बसवलेली. तीत सुरुवातीला दोन माणसं लागतात. मी समोर तुकडा धरून गप्प, मदतनीस ताई त्याच्या पाठीमागे. हात घावनाकडे गेला की ती तो कार्डाकडे वळवायची; कार्ड माझ्या हातात पडलं की लगेच तुकडा. 'काय हवं?' असं विचारायचंच नाही, नाहीतर मूल आपल्या विचारण्याचीच वाट बघत बसतं. नवव्या दिवशी ताई रजेवर होती. तो आपणहून उठला, कार्ड ओढून काढलं आणि खिडकीपाशी उभ्या असलेल्या माझ्या हातात कोंबलं. मला रडू आवरेना.

तेव्हाच्या मुख्याध्यापकांनी मात्र कार्डं कपाटात ठेवायला लावली. 'तोंडाने मागू दे, मग द्या.' आठवड्यात चावणं परत सुरू झालं. मनगटावरचे व्रण दाखवले, तरी त्यांचं एकच, सवय लागेल. लागू दे की! ज्याला बोलता येत नाही त्याला अडवून धरून बोलतं करणं, हे शिकवणं नव्हे. ते निवृत्त झाल्यावर कार्डं बाहेर आली. पुढे वर्षभराने तोच मुलगा कार्ड देता देता 'वन' म्हणाला, म्हणजे घावन. आजवरच्या अभ्यासांतही कार्डांमुळे बोलणं मागे पडल्याचं दिसलेलं नाही, काही मुलांचं थोडं वाढतंच.

प्रत्येक मूल बोलेलच असं मात्र नाही. आणि श्रवणचाचणी झाली नसेल तर आधी ती करून घ्या.

कार्डांची वही घरीही आणा. त्यात 'नको'चं कार्ड आहे का बघा. मी त्या मुलाला ते फार उशिरा दिलं. पहिल्याच दिवशी त्याने ते सहा वेळा माझ्या हातात ठेवलं.