वयाची चिडचिड की नैराश्य?

‘मुलगा १६ वर्षांचा. अकरावीला गेल्यापासून नुसता अंगावर येतो. दार लावून मोबाईल घेऊन पडतो. मोबाईल काढून घेतला, तर ताट भिरकावलं. वयच तसं आहे म्हणून सोडून द्यायचं का?’ माझ्याकडे आलेल्या एका आईची ही तक्रार. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

यात ‘उदास’ हा शब्द कुठेच नाही. या वयात नैराश्य अनेकदा रडण्याऐवजी चिडण्यातून दिसतं आणि घरी त्याला उद्धटपणाचं लेबल लागतं. म्हणून मोबाईलचा विषय बाजूला ठेवून विचारलं, पूर्वी आवडीनं करायचा असं काय काय सुटलं? संध्याकाळचं क्रिकेट दीड महिना बंद होतं. मित्र आले की ‘झोपलाय म्हणून सांग’. रात्री तीनपर्यंत जाग, डबा अर्धा परत. वयाची चिडचिड बहुधा घरच्यांवरच निघते, मित्र दिसले की चेहरा खुलतो. इथे मित्रही नको होते. दोन आठवड्यांहून जास्त काळ, जवळजवळ रोज आणि सगळीकडेच असं चाललं असेल, तर तपासणी लांबवू नये.

मुलाशी एकट्याशी बोलण्याआधी अट सांगितली : बोलणं आपल्या दोघांतच राहील, पण जिवाला धोका वाटला तर घरी सांगावं लागेल, तेही तुला आधी सांगून. मग पीएचक्यू-९ ही नैराश्य किती आहे ते मोजणारी प्रश्नावली. नऊ प्रश्न, प्रत्येकी ० ते ३ गुण. बेरीज १६ आली. नुसत्या बेरजेवरून निदान होत नाही, पण १० किंवा त्याहून जास्त आल्यास डॉक्टर गाठावा. मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दलच्या नवव्या प्रश्नावर त्यानं ‘काही दिवस’ म्हटलं होतं. तिथे आडवळण घ्यायचं नसतं. ‘मरून जावं असं वाटतं का? काही ठरवलंयस का?’ असं सरळ विचारलं. विचारल्यानं ते डोक्यात शिरत नाही, उलट मन मोकळं होतं. ठरवलं काही नव्हतं, पण ‘सकाळी जागच आली नाही तर बरं’ असं वाटायचं.

त्याला सांगून त्याच दिवशी आईबाबांना बोलावलं. शेतातली फवारणीची औषधं आणि आजीच्या गोळ्या कुलपात, किल्ली मोठ्यांकडे. त्याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञ. त्यांनी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासलं. कधी झोप न घेताही अंगात वारं भरल्यासारखं वाटतं का, हेही विचारलं, कारण तसा आजार (बायपोलर, म्हणजे कधी अतिउत्साह तर कधी नैराश्य) असेल तर नैराश्याच्या नुसत्या गोळ्यांनी तो उसळू शकतो. मग फ्लुओक्सेटिन हे नैराश्यावरचं औषध सुरू झालं, सोबत समुपदेशन. गुण यायला चार ते सहा आठवडे लागतात आणि सुरुवातीच्या दिवसांत अस्वस्थता किंवा मरणाचे विचार वाढू शकतात. तेव्हा नजर ठेवायची आणि तसं दिसलं तर लगेच डॉक्टरांना फोन करायचा.

घरी काय बोलावं? ‘तुला काय कमी आहे?’ हे तर नकोच. आईला सुचवलेलं वाक्य : ‘दीड महिना झाला, तू ग्राउंडवर गेला नाहीस. काळजी वाटते. उपदेश करत नाही, ऐकते.’ रात्री अकराला सगळ्यांचे फोन हॉलमध्ये चार्जिंगला, बाबांचासुद्धा. संध्याकाळी १५ मिनिटं ग्राउंडपर्यंत चालत जायचं, खेळायची सक्ती नाही. ‘मूड आला की जाईन’ म्हटलं, तर तो येत नाही.

चूक झाली ती सातव्या आठवड्यात. मुलगा हसताना दिसला आणि बाबांनी गोळ्या बंद केल्या. फ्लुओक्सेटिन शरीरातून सावकाश जातं, त्यामुळे दोन-तीन आठवडे काहीच बिघडलं नाही. मग पुन्हा दार बंद. डॉक्टरांनी गोळ्या परत सुरू केल्या, आणि बरं वाटल्यावरही निदान सहा महिने चालू ठेवायला सांगितल्या.

रात्री-अपरात्री घाबरायला झालं, तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर २४ तास मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. नुकतंच जिवाचं काही करून घेतलं असेल, तर फोनवर वेळ न घालवता थेट दवाखाना गाठायचा.