आधी उचल किती, ते लिही

लेकरा,

तू पाठवलेला कादंबरीचा आराखडा वाचला. तीन पिढ्या, १९४८चा हैदराबाद मुक्तिसंग्राम, १९७२चा दुष्काळ, १९९३चा किल्लारीचा भूकंप आणि शेवटी २०१६ साली मिरजेहून लातूरला आलेली पाण्याची रेल्वे. एकही साल चुकलेलं नाही. पण ह्यात माणूस कुठाय? सगळ्यात खाली बारीक अक्षरात लिहिलंस, 'पहिलं वाक्यच सापडेना, आता झोप लागत नाही.' ती ओळ वाचून आत कालवलं, म्हणून लिहायला बसलो.

पहिलं वाक्य शोधणं सोड. तुझ्या नायकानं ऊसतोडीच्या मुकादमाकडून उचल, म्हणजे हंगामाआधीच अंगावर घेतलेले पैसे, किती घेतली, ते आधी लिही.

तू केज तालुक्यातला. दसरा झाला की आई-बाप कोयत्यावर, ऊस तोडायला, जायचे आणि तू आजीजवळ राहायचास, हे तूच सांगितलंस. मग बघ. लाखाची उचल घेतली असेल, तर त्यातले बहिणीच्या लग्नाला किती गेले? मागच्या हंगामातले किती न फिटता अंगावर फिरलेले होते? बायको तापानं पडली तेव्हा खाडे किती लागले? वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, विकून जे चार पैसे सुटतात, ते बाईच्या हातात राहतात का बाप्याच्या? एवढं कळलं की रात्री कोपीत, त्या फडावरच्या झोपडीत, नवरा-बायको काय बोलतील, ते तुला सुचवत बसावं लागत नाही. मध्यरात्री ट्रॅक्टर भरायला येतो. दिवसभर ऊस तोडून, मोळ्या बांधून नुकतीच आडवी झालेली बाई उठते, चुंबळ ठेवून मोळी डोक्यावर घेते आणि ट्रॉलीला लावलेल्या फळीवरून अंधारात वर चढते. पाय ठरत नाही, तरी चढते. ती का उठली, ह्याचं उत्तर तुझ्या दुष्काळाच्या प्रकरणात मिळणार नाही, मुकादमाच्या वहीत मिळेल. दुष्काळ सगळ्या गावावर पडतो, कर्ज ज्याच्या त्याच्या नावावर असतं. कादंबरीला ते नाव लागतं.

म्हणून पुन्हा सांगतो, उचल किती, ते लिही.

माझ्या कादंबरीत किराणा दुकानाच्या उधारीची पानं होती. प्रकाशक म्हणाले, वाचक कंटाळेल, काढून टाका. मी काढली नाहीत. पुस्तक कितीतरी वर्षं पडून राहिलं, बरोबरीचे पुढं गेले, पुण्या-मुंबईत स्थिरावले. अंबाजोगाईत बसून एकच कादंबरी लिहिली, असं लोक माझ्याबद्दल म्हणतात, ते माझ्या कानावर येतं. लिहिली एकच. पण ती उधारी काढली असती, तर माझा नायक गाव सोडून का जात नाही, हे कुणालाच कळलं नसतं. आजही मी ती पानं काढणार नाही.

आता ह्या वयात नवी सुरू केलीय. माझी माय बहात्तरला दुष्काळी कामावर खडी फोडायला होती. तिथं खायला मिळणाऱ्या सुकडीचं, लाल मिलो ज्वारीच्या भाकरीचं ती पुष्कळ सांगायची. पण हप्त्याला हातात काय पडायचं आणि त्यातून सावकाराचं आधी फिटायचं का घरात दाणे आधी यायचे, हे तिच्याबरोबरच गेलं. कामाच्या जागेवर जाऊन आलो, बरोबरीच्या बायांना विचारलं. ज्याची त्याची गोष्ट निराळी निघते. माझं दुसरं प्रकरण तिथंच थांबलंय. तुझा बाप जिवंत आहे, बाबा! त्याच्याजवळ बस. 'दादा, तेव्हा कसं वाटायचं?' असलं काही विचारू नकोस, तो 'काय वाटायचं' म्हणून उठून जाईल. 'त्या साली उचल किती होती?' असं विचार. आकडा सांगेल, मग मुकादमाचं नाव सांगेल, मग तू न विचारता पुढचं सांगत बसेल. फोन बाजूला ठेव, रेकॉर्डिंग नको.

बोलीत लिहू का प्रमाण भाषेत, असं विचारलंस. 'औंदा किती फिरलं?' हे पुण्याच्या भाषेत लिहून बघ, तुझं तुलाच कळेल. त्यावर आणखी वेळ घालवू नकोस. रझाकार, भूकंप, रेल्वे हे कुठं जात नाहीत. तुझ्या माणसाच्या हिशोबात आले तर येतील, नाही तर राहू देत.

बाप कारखान्यावरून परतला की लगेच लाग. चार पानं झाली तरी पाठव, खाडाखोड असली तरी चालेल, माझ्याकडं वेळ आहे. आराखडा मात्र पुन्हा पाठवू नकोस, मी वाचणार नाही.

तुझा,
सर