गायक गेल्यावरही एसी/डीसी हा रॉक बँड टिकला कसा?

माझ्या मते याचं श्रेय माल्कम यंगला. लोकांना शाळेच्या गणवेशात स्टेजभर उड्या मारणारा गिटारवादक अँगस यंग आठवतो, पण गाडा हाकत होता तो मागे उभा राहून रिदम गिटार, म्हणजे ठेका धरणारी गिटार, वाजवणारा त्याचा थोरला भाऊ माल्कम. 1973 मध्ये सिडनीत या दोघांनी बँड काढला.

फेब्रुवारी 1980 मध्ये गायक बॉन स्कॉट लंडनमध्ये वारला. दुसरा एखादा बँड तिथेच संपला असता. यांनी ब्रायन जॉन्सनला घेतलं, बहामाजला जाऊन रेकॉर्डिंग केलं आणि जुलैत 'बॅक इन ब्लॅक' हा अल्बम बाजारात! मुखपृष्ठ दुखवट्याचं म्हणून काळं, सुरुवात घंटेच्या टोल्यांनी. एकट्या अमेरिकेत त्याच्या अडीच कोटींहून जास्त प्रती गेल्याचं प्रमाणित झालंय.

दुसरं म्हणजे, यांनी फॅशनच्या मागे लागून आपला आवाज बदलला नाही. डिस्को आलं, सिंथेसायझर आले, ग्रंज हा रॉकचा नवा प्रकार आला. हे आपले तेच मोजके कॉर्ड वाजवत राहिले. समीक्षक नाकं मुरडायचे, ते असो. स्मृतिभ्रंशामुळे 2014 मध्ये माल्कम थांबला, तेव्हा त्याच्या जागी पुतण्या स्टीव्ही आला. माल्कम 2017 मध्ये गेला. 2020 च्या 'पॉवर अप' अल्बममधली गाणी मात्र अँगस आणि माल्कम दोघांच्या नावावर आहेत.