घड्याळ नको, क्रम धर

अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. ‘प्रत्येक गोष्ट दहादा सांगावी लागते’ असं लिहिलंयस. दोन वर्षांच्या लेकराचा दिवस सांगण्यावर चालवायचा म्हटला की असंच होतं. त्याला घड्याळ कळत नाही, ‘उशीर’ कळत नाही. पण कशानंतर काय येतं हे त्याला फार लवकर कळतं. बादलीत पाणी पडल्याचा आवाज झाला की ते कपडे ओढायला लागतं ना, तसं. म्हणून सगळा भर क्रमावर ठेव. वेळ पंधरा-वीस मिनिटं पुढेमागे झाली तर काही बिघडत नाही, पण क्रम उलटा झाला की गाडी अडते.

आधी त्याला काय जमतं ते समजून घे. साधारण दीड वर्षाचं मूल हातवारे न करता सांगितलेली एक गोष्ट करतं. ‘खेळणं ठेव आणि दार लाव’ अशी जोडसूचना अडीच वर्षांच्या आसपास जमायला लागते. ‘चपला काढ, हात धू आणि जेवायला ये’ यात तीन कामं आहेत. त्यातलं एखादंच त्याच्यापर्यंत पोचतं, नाहीतर एकही नाही. आपण त्याला हट्टी म्हणून मोकळे होतो.

सांगताना स्वयंपाकघरातून हाक मारू नकोस. जवळ जा, खाली बस, त्याने बघितलं की एकच गोष्ट सांग. मग गप्प राहा आणि मनात दहापर्यंत मोज. ऐकलेलं समजून शरीर हलवायला या वयात वेळ लागतो. आपण दोन सेकंदांत तेच वाक्य परत म्हणतो आणि त्याचं पहिलं समजून घेणं अर्धवट राहतं. दहा झाले तरी हललं नाही, तर दुसऱ्यांदा सांगताना हात धरून बेसिनपाशी ने, न रागावता. तिसऱ्यांदा सांगायची वेळ येऊ देऊ नकोस. पाचव्या हाकेला आवाज चढतो आणि तेव्हाच काहीतरी घडतं असं त्याच्या ध्यानात आलं, की पहिल्या चार हाका त्याच्या लेखी नसतातच.

‘आंघोळीला जायचं का?’ असं विचारायचं नाही. विचारलं की ‘नाही’ येणारच, आणि विचारलंस तू. जे टळणार नाही ते सरळ सांगायचं: ‘आता आंघोळ.’ निवड द्यायची ती आतल्या बारीक गोष्टीत, निळा टॉवेल की पिवळा. पर्याय दोनच, आणि दोन्ही तुला चालणारे. नुसते तोंडी विचारलेस तर या वयाची मुलं बऱ्याचदा शेवटी बोललेला शब्द उचलतात आणि मग ‘हा नको, तो’ म्हणून रडतात. दोन्ही टॉवेल हातात धरून दाखव, म्हणजे ते बोटाने खरं उत्तर देईल. ‘पळू नको’पेक्षा ‘हळू चाल’ म्हण. काय करायचं नाही हे ऐकून त्यावरून काय करायचं ते शोधून काढणं त्याला अजून जड जातं.

सगळ्यात जास्त भांडणं एका कामातून दुसऱ्या कामात जाताना होतात. दात घासण्याशी त्याचं वैर नसतं, ठोकळे सोडण्याशी असतं. ‘पाच मिनिटांत उठायचं’ याला त्याच्या लेखी अर्थ नाही. मोजमाप कृतीत दे: ‘अजून तीन ठोकळे, मग डबा बंद.’ ‘अजून दोनदा घसरगुंडी, मग घरी.’ आणि तीन म्हणजे तीनच. तू दोन म्हणून चार होऊ दिलेस, की पुढच्या वेळी दोन हा आकडा घासाघिशीसाठीच आहे असं ते धरून चालतं. निघताना त्याच्या हातात काहीतरी दे, एखादा ठोकळा न्हाणीघरापर्यंत न्यायला किंवा स्वतःचा टॉवेल धरायला. रिकाम्या हाताने खेळ सोडण्यापेक्षा काहीतरी घेऊन जाणं सोपं जातं.

पडदा, म्हणजे मोबाइल किंवा टीव्ही, हा एका कामातून दुसऱ्यात जातानाचा सगळ्यात वाईट प्रकार. एक चित्रफीत संपते न संपते तोच दुसरी आपोआप सुरू होते, म्हणजे थांबायची जागाच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये सांगितलेली मर्यादा अशी: दोन वर्षांच्या आत पडदा नकोच; पुढे चार वर्षांपर्यंत दिवसाला जास्तीत जास्त एक तास, कमी असेल तितकं बरं. द्यायचाच असेल तर आपोआप पुढची सुरू होणं बंद कर, एक पूर्ण होऊ दे आणि मध्येच हिसकावू नकोस. आणि जेवण, दात किंवा झोप यांच्या अगदी आधी तो नको.

कामं क्रमाने दाखवणारी चित्रांची पट्टी भिंतीवर लाव म्हणून सगळेच सुचवतील. चांगली गोष्ट आहे, पण बहुतेक घरांत ती चुकते. बारा चित्रांचा रंगीत तक्ता मोठ्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर लागतो आणि आठवड्यात भिंतीचा भाग होऊन जातो. एका वेळी एकच टप्पा घे, समजा रात्रीचा. त्यासाठी चार फोटो: तुमच्याच बेसिनचा, त्याच्याच ब्रशचा, त्याच्या रात्रीच्या कपड्यांचा, त्याच्या अंथरुणाचा. दुसऱ्या कुणाच्या बेसिनचं गोड चित्र त्याला आपलं वाटत नाही. पट्टी जमिनीपासून साधारण 70 ते 75 सेंटिमीटरवर लाव. दोन वर्षांच्या मुलाचे डोळे तेवढ्याच उंचीवर असतात. काम झालं की फोटो काढून खालच्या डब्यात त्यानेच टाकायचा. मग ‘चल’ म्हणण्याऐवजी ‘आता कोणतं उरलं बघ’ म्हणता येतं आणि हुकूम तुझ्याकडून भिंतीकडे जातो. फोटोबरोबर बक्षीस जोडू नकोस. फोटो डब्यात टाकण्यातच त्याला मजा असते.

आता दात, कारण तुझ्या पत्रात सर्वांत लांब परिच्छेद त्यावरच आहे. तोंड घट्ट मिटण्यामागे पुष्कळदा दुखणं असतं. वरच्या ओठाच्या आत मधोमध कातडीची एक पातळ पट्टी असते. ब्रश तिच्यावर आपटला की झोंबतं, आणि दुसऱ्या दिवशी ब्रश दिसताच तोंड बंद. म्हणून तर्जनी आडवी ठेवून ओठ हलकेच वर उचल, ती पट्टी बोटाखाली झाक आणि मगच पुढचे वरचे दात घास. तू जमिनीवर बस, त्याचं डोकं मांडीवर, तोंड वर. असं केलं की आतलं सगळं दिसतं आणि डोकं स्थिर राहतं. ब्रशचे केस हिरडीच्या कडेवर तिरके धरून लहान गोल फिरव. तीन वर्षांच्या आत फ्लोराइडची पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढीच. तीन ते सहापर्यंत वाटाण्याएवढी. दिवसातून दोनदा, दोन-दोन मिनिटं. तोंडाच्या कोपऱ्यांचा क्रम रोज तोच ठेव आणि प्रत्येक कोपऱ्याला एकच ओळ गुणगुण, म्हणजे संपणार कधी हे त्याला कळतं. आधी त्याची पाळी, मग तुझी. त्याची पाळी म्हणजे ब्रश चावणं, तेवढंच समज. नीट घासण्याइतका हात सात-आठ वर्षांपर्यंत बसत नाही, त्यामुळे तुझी पाळी सोडायची नाही. रात्रीच्या घासण्यानंतर पाण्याशिवाय काही नको. आणि दोन वर्षांच्या आगेमागे मागच्या दुसऱ्या दाढा येतात. रोज घासू देणारं मूल अचानक ओरडायला लागलं, तर आधी हिरडी बघ.

कपडे शिकवताना शेवटापासून सुरुवात कर. विजार तू गुडघ्यांच्या वरपर्यंत चढव, वर ओढायचा शेवटचा हिसका त्याने द्यायचा. तो सहज जमला की तू गुडघ्यांवर थांब, मग घोट्यांवर. सर्वांत शेवटी पाय घालणं, कारण तेच सर्वांत अवघड. पुढून शिकवलं तर त्याच्या वाट्याला सगळी धडपड येते आणि शेवट मोठ्यांच्या हातून होतो. शेवटाकडून शिकवलं तर रोजचा शेवट त्याच्या हातून होतो. बटणं आणि नाडी आत्ता नकोत. सैल इलॅस्टिकच्या विजारी घे. काढणं घालण्याच्या आधी जमतं, म्हणून मोजे काढायला आधी लाव. एक अडचण सांगून ठेवतो: घाई असली की आपण सगळं स्वतःच उरकतो. ज्या दिवशी दहा मिनिटं हाताशी नसतील, त्या दिवशी सरळ तूच घाल. अर्धं शिकवून मध्येच हिसकावू नकोस.

जेवणावर थोडक्यात. काय, कधी, कुठे हे तू ठरव. किती हे त्याला ठरवू दे. दोन खाण्यांत अडीच-तीन तासांचं अंतर असू दे, मध्ये फक्त पाणी. बैठक वीस मिनिटांची, फार तर तीस. खुर्चीवरून उतरलं की एकदा विचार, नाही म्हणालं तर ताट उचल. चमचा घेऊन मागे धावू नकोस. भूक लागत नसेल तर दुधाचा हिशेब बघ. दिवसाला अर्ध्या लिटरच्या वर गेलं की पोट त्यानेच भरतं आणि शरीरात लोह कमी पडायची शक्यता वाढते.

झोपेचा हिशेब सकाळपासून कर. एक-दोन वर्षांच्या मुलाला चोवीस तासांत, दुपारच्या झोपेसकट, 11 ते 14 तास लागतात. तीन-चार वर्षांच्याला 10 ते 13. उठायची वेळ ठरलेली ठेव, सुटीच्या दिवशीही फार तर अर्धा तास इकडेतिकडे. दुपारची झोप तीन-साडेतीनच्या आत संपलेली बरी. पाचला उठलेलं मूल आठला झोपत नाही, यात त्याचा दोष नाही. दमलेलं मूल पेंगेलच असं नाही. अतिदमलेलं मूल उड्या मारतं आणि आपण म्हणतो, ‘अजून झोप आली नाही वाटतं.’ डोळे चोळणं, उगाच धडपडून पडणं, किरकिर या खुणा दिसल्या की दिवे मंद कर.

रात्रीचा क्रम वीस ते तीस मिनिटांचा, चार पायऱ्यांचा: दात, शू, पाणी, दोन गोष्टी. पाणी आणि शू मुद्दाम आत घातल्यात, कारण अंथरुणातून उठायची तीच नेहमीची कारणं. गोष्टी दोन, हे आधी सांग आणि दोन्ही पुस्तकं त्यालाच निवडू दे. नंतर उठून आलं तर उचलून परत झोपव आणि दर वेळी तेच एक वाक्य म्हण: ‘रात्र झाली, झोपायचं.’ समजावणं नाही, रागावणं नाही, गप्पा तर नाहीतच. पहिल्या तीन-चार रात्री रडणं आधीपेक्षा वाढेल. जे रोज चालायचं ते चालेनासं झालं की मूल जोर लावून बघतं, आणि नेमकं त्याच वेळी बहुतेक घरं माघार घेतात. सहाव्यांदा उठल्यावर जवळ घेऊन बाहेर आणलंस, तर सहा वेळा उठायचं असतं एवढंच ते शिकेल. ते ताणणं जमणार नसेल तर सुरूच करू नकोस. आजारपणात, प्रवासात किंवा घरात नवं बाळ येणार असेल तेव्हाही नको. त्या काळात ते मागे सरकेल, डायपर परत मागेल. जुना क्रम तेवढा टिकव, नवं काही शिकवू नकोस. प्रवासात तीच दोन पुस्तकं आणि तीच चादर बरोबर असू दे.

घरात आणखी कुणी त्याला सांभाळत असेल, तर त्यांना नियमांची यादी देऊ नकोस. तुमची वाक्यं दे. ‘अजून तीन, मग बंद’ हे सगळ्यांच्या तोंडी सारखं असलं की बरंच भागतं. आजी-आजोबांकडे दोन गोष्टींच्या तीन झाल्या तर होऊ दे. त्या घरचा क्रम वेगळा हे मुलाला कळतं. एकाच घरात रोज वेगळा क्रम असला की मात्र ते गोंधळतं.

काही गोष्टींवर दिनक्रमाचा इलाज नाही. दोन वर्षं झाली तरी दोन शब्द जोडत नसेल, नावाने हाक मारली तरी वळून बघत नसेल, बोट दाखवून काही मागत नसेल, येत असलेले शब्द गेले असतील, किंवा झोपेत घोरताना श्वास अडकत असेल, तर पट्ट्या आणि क्रम बाजूला ठेव आणि बालरोगतज्ज्ञांना दाखव. त्यात ‘थोडं थांबून बघू’ नको.

लगेच काही बदलू नकोस. तीन दिवस फक्त लिही: भांडण किती वाजता झालं, त्याआधी काय चाललं होतं, शेवटचं खाणं आणि शेवटची झोप कधी झाली होती. बहुतेक भांडणं दोन-तीन ठराविक जागी गोळा झालेली दिसतील आणि त्यांतली निम्मी भुकेची किंवा झोपेची असतील. ती वेळा सरकवूनच सुटतात. उरलेल्यांतलं सर्वांत सोपं एक निवड, सर्वांत त्रासाचं नाही. दोन आठवडे त्यावरच राहा. दात सर्वांत त्रासाचे आहेत, म्हणून ते तुला पहिले घ्यावेसे वाटतील. चपला जागेवर ठेवण्यासारखं सोपं काम आधी घे. तीन दिवसांची नोंद झाली की पाठव, कोणतं काम पहिलं घ्यायचं ते मिळून ठरवू.

लेकराला गोड पापा.