माळरानावर ड्रोन: आधी एवढंच कर

माळरानावरचे प्राणी एआयच्या मदतीने ओळखायला-मोजायला ड्रोन घेतलास, छान! पण लगेच उडवू नकोस. नान्नज, रेहेकुरी ही अभयारण्यं आहेत. वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय तिथे तो बॅगेतूनही काढू नये.

सुरुवातीला तीनच गोष्टी:

- थर्मल (उष्णता टिपणारा) कॅमेरा पहाटेच वापर. दुपारी तापलेला दगड आणि बसलेलं काळवीट सारखंच पांढरं दिसतं, एआय दोन्हींना हरीण म्हणतं. मी एकदा अकरा चिंकारे मोजले होते, सगळे धोंडे निघाले!
- काळवीट मान वर करून बघायला लागलं की मागे फिर. क्लोजअपसाठी खाली उतरणं ही नवख्यांची हमखास चूक.
- लांडग्याच्या बिळाचं लोकेशन कुठेही टाकू नकोस.

मॉडेल ट्रेनिंगचं, म्हणजे एआयला प्राणी ओळखायला शिकवायचं, नंतर बघू. आधी तिथल्या धनगरांसोबत दोन दिवस हिंड.